एकोणिसाव्या वर्षीची मोरी

कामिइके, १८ ऑगस्ट

दादा,

तुझा पत्ता मी कुशिरोच्या मासेमारी संस्थेत फोन करून मिळवला. तिथल्या माणसावर रागावू नकोस. मी त्याला सांगितलं की मी शहर ग्रंथालयातून बोलतेय, आणि काम आहे. दोन्ही खरं आहे.

कामाचंच लिहिते. यंदा सम्राटांच्या दिवसाचं यजमानपद आपल्या घराकडे आलंय. ऑक्टोबरचा दुसरा रविवार. बाबांचा घसा बसलाय, त्यामुळे ते बोलणार नाहीत. मी बोलणार आहे. घराचा वारस तू, म्हणून तुझा कागद लागतो. सोबत जोडलाय. त्यात एवढंच लिहिलंय की तुझ्या जागी कानाए बोलली तर तुझी हरकत नाही. खाली शिक्का मार आणि परत पाठव. तिकीट लावलेलं पाकीट आत आहे.

तू गेलास तेव्हा मोठ्यांच्या खोलीत बसायचं तुझं वय झालेलं नव्हतं. म्हणून तिथे काय चालतं ते थोडक्यात सांगते. मला तरी ते विद्यापीठाचा प्रबंध लिहितानाच कळलं.

आपले इतोकु सम्राट चौथे. जुन्या ग्रंथांत त्यांच्याबद्दल चार ओळी आहेत. गादीवर बसले. राजवाडा कारुला हलवला. राणीचं नाव अमुक, मुलाचं तमुक. वारले, उनेबी डोंगराच्या दक्षिणेला पुरले. संपलं. एका ग्रंथात ते पंचेचाळीस वर्षं जगले, दुसऱ्याचा हिशेब सत्त्याहत्तरावर जातो. चौतीस वर्षं राज्य केलं म्हणतात आणि त्या चौतीस वर्षांत काय केलं याचा एक शब्द नाही. ना लढाई, ना दुष्काळ, ना एखादी शिकार.

आपलं गाव त्याच डोंगराखाली राहतं. शेजारच्या माणसाला असं रिकामं ठेवणं बरं दिसत नाही, असं कधीतरी कुणालातरी वाटलं असणार. तेव्हापासून दरवर्षी यजमान घर सम्राटांना एक दिवस देतं. घरातला माणूस उठून सांगतो की अमुक वर्षी सम्राटांनी अमुक केलं, आणि ते वहीत उतरवलं जातं. आजवर दोनशे अकरा दिवस झालेत. सम्राटांनी बांध घातले, माकडं हाकलली, भावाभावांची भांडणं सोडवली. एकदा तर ओल्या सिमेंटवर पाय दिला. अडीच हजार वर्षांपूर्वी!

मी हे सगळं प्रबंधात मांडलं. वहीचा कागद, शाई, भाषा, सगळं तपासून सिद्ध केलं की यातला एकही दिवस खरा नाही. गेल्या वर्षी सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवून गावाला समजावूनही सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शेवया वाढल्या आणि दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखेच वागायला लागले.

म्हणून यंदा मला बोलायचंय. मी उठून त्या चार ओळी वाचणार आणि म्हणणार, आपल्याला एवढंच ठाऊक आहे, बाकीचं ठाऊक नाही. आपल्या घराने दिलेला दिवस तरी खरा असावा. बारा पानं लिहून तयार आहेत. चांगली झालीयत.

कागद लवकर पाठव.

कानाए

६ सप्टेंबर

दादा,

पत्र पोचलं असेलच. नोंदणी करून पाठवलं होतं, पोच आली. सही तुझीच दिसते. केइगोतला 'के' तू अजून तसाच मोडका काढतोस.

मागच्या पत्रात घसा बसलाय असं लिहिलं. तसं नाही. एप्रिलमध्ये बाबांची शस्त्रक्रिया झाली. गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजही काढावा लागला. तब्येत बरी आहे. जेवतात, शेतावर जातात, माझ्यावर चिडतात. गळ्यात एक पाटी अडकवलेली असते, पुसता येणारी, तिच्यावर लिहितात. आधी लिहिलं नाही कारण तुला दया येऊन तू कागद पाठवावास असं मला नको होतं. मी योग्य आहे म्हणून पाठवावास असं वाटत होतं. अजूनही तसंच वाटतं.

पण वेळ कमी आहे. काल निशिबाता मास्तरांकडे बैठक झाली. तुझे चौथीचे मास्तर, तेच. आता वही ते सांभाळतात. मी बोलणार म्हटल्यावर सगळे इनुई आजोबांकडे बघायला लागले. आजोबा आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत, सगळ्यात वडील.

आजोबा म्हणाले, "पोरगी बोलणार? बोलू दे की. माझ्या घरात साठ वर्षं बाईच बोलतेय. आभाळ कोसळलं नाही."

"तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून कोसळलं नाही," मास्तर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई असण्याला माझी हरकत नाही, कानाए. पण वारसाचा कागद हवा. नियम आहे."

नियम असा, की ज्या घराची पाळी चुकली ते घर यादीतून गेलं. पूर्वी तेवीस घरं होती, आता आठ उरलीत. आपण गेलो तर यामावाकी आणि शेजारचे दोघंही सोडणार, तसं त्यांनी तोंडावर सांगितलं. सातपेक्षा कमी घरं झाली की वही देवळात कुलपात जाते. म्हणजे सम्राटांचं राज्य संपलं.

मला खरं तर याचं काही वाटायला नको. खोटी वही बंद होत असेल तर आनंदच व्हायला हवा. पण ती माझ्यामुळे, आपल्या घराच्या पाळीला, एका शिक्क्यासाठी बंद व्हावी हे मला चालणार नाही. ती चूक आहे हे पटून बंद झाली तर गोष्ट वेगळी.

दुसरा कागद जोडलाय, पहिला हरवला असेल म्हणून.

कानाए

२३ सप्टेंबर

दादा,

एक कबुली. परवा मास्तरांनी रस्त्यात विचारलं, "केइगोचा कागद आला का?" आणि मी म्हटलं, "आला." माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं. खोट्या वहीविरुद्ध बारा पानं लिहिणारी मी. आता तुझा कागद आलाच पाहिजे, नाहीतर माझी शोभा होईल.

वही आपल्या घरी आलीय. यजमानाकडे ती तीन आठवडे असते. इनुई आजोबा स्वतः पेटी घेऊन आले, ओट्यावर बसले आणि चहा होईपर्यंत मला म्हणाले, "बारा पानं लिहिलीस म्हणे."

"हो. सम्राटांबद्दल खरं काय ते."

"तुझं ते सिमेंटचं भाषण मला फार आवडलं होतं. काय छान चित्रं होती!" चहाचा घोट घेतला. "सिमेंट कधी आलं ते आम्हाला ठाऊक नाही असं वाटलं का ग तुला?"

मी त्यांचा कप पुन्हा भरला.

"तो पाय माझा आहे. देवळाच्या पायरीवर. जा, बघून ये, अंगठा तेवढा नीट उमटलाय. नवी पायरी बांधली आणि पहिल्याच दिवशी मी दारू पिऊन तिच्यावरून चालत गेलो. गवंड्याने पुन्हा फुकट करून दिली असती, पण माझे वडील म्हणाले, राहू दे, याला रोज दिसू दे. त्या वर्षी आमची पाळी होती. वडिलांनी उठून सांगितलं, सम्राटांनी असं असं केलं. मी खाली मान घालून बसलो होतो. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू!"

दादा, ती वही सम्राटांची नाहीच. वहीतला प्रत्येक दिवस त्या त्या घरातल्या कुणीतरी खरोखर घालवलेला आहे. चांगलं केलं असेल तर फुशारकी नको, चुकला असेल तर अपमान नको, म्हणून तो सम्राटांच्या नावावर घालायचा. आणि एकच नियम. दिवस कुणाचा, हे विचारायचं नाही, सांगायचंही नाही.

हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं, कारण मी सगळं ग्रंथालयात शोधत होते. आजोबांनी नियम मोडून स्वतःचा पाय मला दाखवला. त्यांना माझी दया आली असावी.

बारा पानांचं काय करायचं ते ठरलेलं नाही. पण मी बोलणार हे ठरलेलं आहे. कागद पाठव.

कानाए

२ ऑक्टोबर

दादा,

आज कागदाबद्दल लिहिणार नाही.

परवा दुपारी मी बाबांसमोर सराव करत होते. आवाज कुठे खाली जातो ते कळावं म्हणून वहीतलं काहीतरी मोठ्याने वाचायचं ठरवलं आणि बाबांचाच दिवस उघडला, सतरा वर्षांपूर्वीचा. मी तो आधी वाचलाय. प्रबंधात त्यावर एकतिसावी तळटीप आहे. "उदार राजाची ही कल्पना चिनी ग्रंथांतून उसनी घेतलेली दिसते." असं लिहिलंय मी. छापून, बांधून, विद्यापीठात ठेवलंय.

वही उतरवून घ्यायची नसते. तरी तुझ्यासाठी उतरवते.

"कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी पाऊस झाला नाही. वरच्या तळ्याचं पाणी खालच्या शेतांना द्यायचं नाही असं सभेने ठरवलं. मग सगळे पुरुष ढोल घेऊन पाऊस मागायला डोंगरावरच्या देवळात गेले. सम्राट गेले नाहीत. ते एकटे तळ्याच्या मोरीवर गेले आणि त्यांनी पाणी अडवणाऱ्या तीन फळ्या उचलल्या. खालचा भात जगला. वरचाही मेला नाही. सम्राट एका पायात जोडा नसताना घरी आले. सभा चुकली होती. सांगणारा, तोशिकात्सु."

जोड्याच्या वाक्यावर माझा आवाज खाली गेला, आणि बाबांनी टेबलावर बोटं आपटली. चूक सांगताना आपटतात तशी. पाटीवर लिहून मला दाखवलं.

"उजवा."

जोडा कुठल्या पायात नव्हता हे वहीत नाही, दादा. ते त्यालाच ठाऊक असणार जो दारात उभा होता.

मी विचारलं, "हा दादा होता?"

बाबांनी पाटी पुसली आणि गोठ्याकडे निघून गेले. आता गोठ्यात काही नसतं. तरी तिकडे जातात.

मी सात वर्षांची होते पण मला आठवतं. पाण्याच्या सभेचे प्रमुख त्या वर्षी बाबाच होते. त्यांनी तुला चौकात सगळ्यांसमोर थोबाडीत मारली आणि घरोघर जाऊन वाकून माफी मागायला लावली. तू मला बरोबर नेलंस, हात धरून. मला वाटलं माझे लाड चाललेत. तुला एकट्याने जायला लाज वाटत होती, हे मला आता कळतं. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे सगळे जमले तेव्हा तू मुद्दाम मामाकडे निघून गेलास. मार्चमध्ये शाळा संपली आणि तू गेलासच. आईच्या अंत्यविधीला आलास तेव्हाही अंगणातच उभा राहिलास, आणि बाबा आत बसून राहिले.

तू मामाकडे होतास त्या रविवारी बाबा सगळ्या गावासमोर उठले आणि म्हणाले की ते केलं ते सम्राटांनी केलं. आणि सभा चुकली होती. सभेचा प्रमुख असलेला माणूस हे म्हणाला.

तुला कुणी सांगितलं नाही, कारण सांगायचं नसतं. बाबा तर सांगणारच नाहीत, त्यांना आवाज होता तेव्हाही ते असल्या गोष्टी बोलत नव्हते. मी नियम मोडतेय. गावाने यासाठी मला बाहेर काढलं तरी चालेल. सतरा वर्षं एका माणसाला आपलं काय लिहून ठेवलंय हे ठाऊक नसावं, असला नियम मला मान्य नाही.

कानाए

१४ ऑक्टोबर

दादा,

काल पार पडलं. काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळलं पाहिजे, म्हणून ग्रंथालयात रजा टाकून लिहितेय.

तुझा कागद आला नाही. शनिवारच्या टपालापर्यंत वाट पाहिली.

पहाटेपासून यामावाकी काकू आणि बाकीच्या बायका आपल्या स्वयंपाकघरात होत्या. तांदळाचे गोळे वळले, पर्सिमनच्या पानात भात आणि खारवलेला बांगडा गुंडाळून दगडाखाली दाबून ठेवला. मी आईचा निळा किमोनो नेसले होते. काकू म्हणाल्या, "पायाला मुंग्या आल्या तर आतल्या आत अंगठे हलव. आम्ही लग्नात तेच करतो. आणि लांबवू नकोस ग बाई, बारा पानं म्हणजे बांगडा सुकेल."

आठ घरांचे आठ जण बसले. बाबा यजमानाच्या जागी, मी त्यांच्या मागे. मास्तरांनी वही उघडली, शाई घोटली आणि हात पुढे केला. "वारसाचा कागद."

माझ्या ओच्यात एक पाकीट होतं. आत कोरा कागद होता. रात्री तो मी तिथे का ठेवला, ठाऊक नाही. बहुधा पाकीट नुसतं दाखवून भागेल अशी आशा होती. ते हातात धरलं आणि मला स्वतःची शिसारी आली.

"कागद आलेला नाही," मी म्हटलं. "आला असं मी तुम्हाला खोटं सांगितलं. दादाने उत्तरच दिलेलं नाही."

स्वयंपाकघरातली भांडी थांबली.

मास्तरांनी चष्मा काढला. "मग मी काय करू, कानाए? वारस हजर नाही, त्याची परवानगी नाही. या घराची पाळी..."

"तोशिकात्सु," इनुई आजोबा मध्येच म्हणाले. "तुझं घर आहे. तुझा वारस कोण ते तू सांग."

बाबांनी पाटी मांडीवर घेतली. खूप वेळ लिहीत होते असं वाटलं, पण फिरवली तेव्हा तिच्यावर एकच शब्द होता. "कानाए."

"आणि केइगो?" मास्तरांनी विचारलं.

बाबांनी बाहीने पाटी पुसली. पुन्हा लिहिलं. या वेळी आधी माझ्याकडे धरली, मग सगळ्यांना दिसेल अशी वर केली.

"त्याला त्याचा दिवस दिलेला आहे."

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "तोशिकात्सु, हे सांगायचं नसतं."

"सांगितलं कुठे त्याने? लिहिलं," आजोबा म्हणाले. यामावाकी फुस्सकन हसले आणि मग ओशाळले. "आणि इथे कुणाला ठाऊक नव्हतं? आपण तिकडे ढोल बडवून खाली उतरलो, तर खालच्या वाडीची माणसं आपल्यालाच हात जोडून उभी. देव पावला म्हणे तुमच्या ढोलाने! सतरा वर्षं त्यांचे नमस्कार फुकट घेतोय आपण. मी तर अजून घेतो."

मग सगळेच हसले, मास्तरही. बाबा हसताना आता आवाज होत नाही, फक्त खांदे हलतात. बराच वेळ हलत होते. मी मागे बसले होते म्हणून मला चेहरा दिसला नाही.

मी बारा पानं उलगडली. आजोबांनी हात वर केला.

"आता ती कशाला? दिवस तर झाला."

"कुठला?"

"आत्ता नाही का झाला, आमच्यासमोर? मंत्र्यांनी सम्राटांकडे कागद मागितला. सम्राट म्हणाले, आहे. नव्हता. मग भर सभेत उठून म्हणाले, नव्हता. चौतीस वर्षांत एवढं तरी केलं असेल त्यांनी. लिहा मास्तर."

"कितवं वर्ष?"

"अठ्ठाविसाव्यात अजून जागा आहे," यामावाकी म्हणाले.

मला वाद घालायचा होता. माझी पानं चांगली होती, आणि त्यांत एकही चूक नाही. पण मी जे चार ओळींनी सांगणार होते, की नसलेली गोष्ट आहे म्हणू नये, ते ही माणसं माझ्याच अंगावरून उचलून वहीत घालत होती. मग मीच ते नीट शब्दांत सांगितलं आणि मास्तरांनी लिहून घेतलं. दोनशे बारावा दिवस. खाली माझं नाव. पायाला मुंग्या आल्या होत्या, अंगठे हलवून काहीही उपयोग होत नाही. यामावाकी यादीत राहतायत. बाकीचे दोघंही.

आता तुझ्याशी. वारस मी झाले, तू राहिला नाहीस. हे मला हवं होतं. तुझा कागद येत नव्हता तेव्हा शेवटच्या दिवसांत मला मनातून थोडं बरंही वाटत होतं, कारण तो आला असता तर मी तुझ्या जागी उभी राहिले असते, माझ्या नाही. याबद्दल तुला राग आला तर तो योग्य आहे. पण बाबांनी तुला पुसून माझं नाव लिहिलं असं मनात आणू नकोस. पहिला शब्द पुसला तो तुझ्याबद्दल लिहायला.

आज सकाळी त्यांनी मला पाटी दाखवली. "त्याला कळवलंस?" मी म्हटलं, "सगळं कळवलं. तुमच्या दिवसासकट." मला वाटलं चिडतील. त्यांनी विचारलं, "कधी?" मी म्हटलं, "दोन तारखेला." त्यांनी बोटांवर दिवस मोजले, पत्र कुशिरोपर्यंत पोचायचे.

मी दोन महिने तुझ्याकडे परवानगी मागत होते. आता घराची वारस मी आहे आणि वारस म्हणून पहिलंच पत्र तुला लिहितेय. या घरात यायला तुला कुणाचा कागद लागत नाही. अंगणात थांबायचं नाही, सरळ आत यायचं.

स्टेशनवरून येणारी बस आता शाळेपाशी थांबत नाही, शाळा बंद झाली. कालव्याच्या पुलाशी उतर. शेवटची पाच वाजून दहा मिनिटांनी सुटते. ती चुकली तर फोन कर, मी गाडी घेऊन येईन. मला चालवता येते.

कानाए